उरलेल्या बळाचा हिशेब
(शिरपूर जैन येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे, तो आपल्या घरांत दार लावूनच बोलला जातो. कोणाच्या छातीत कळ आली तर सारी आळी समाचारास येते. मन बिघडले तर मात्र ‘मुलगा मामाकडे गेला आहे’ असे सांगण्यात येते. ही भीती सोयरिकीची आहे. एका भावाच्या आजाराची वार्ता फुटली की पाठच्या बहिणीचे स्थळ परत जाते, हे येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबास ठाऊक आहे. म्हणून उपचार लांबतात, आणि लांबल्याने आजार मुरतो.

नागपूरचे मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासूनचे. वऱ्हाडात ‘नागपूरला नेले’ या दोन शब्दांत पुष्कळ काही सांगून होई. आज स्थिती पालटली आहे. औषधे सुधारली, जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसोपचार मिळू लागले आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास समाजात राहण्याचा हक्क दिला. पण समाजात म्हणजे कोठे? ओसरीवरच्या कोपऱ्यात, की माणसांत? गोळीने भास ओसरतात. ओसरल्यावर सकाळी उठून जावयाचे कोठे, याचे उत्तर गोळीत नसते.

ह्या प्रश्नावर अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात १९८२ च्या सुमारास चार्ल्स रॅप व रोना चेंबरलेन यांनी एक पद्धती सिद्ध केली. त्यापूर्वी कार्यकर्ता रुग्णाकडे जाई तो त्याच्या उणिवांची यादी घेऊन. यांनी कागदच बदलला. घर, पैसा, कामधंदा, नातीगोती, प्रकृती, विरंगुळा, श्रद्धा, अशा एकेका अंगाविषयी तीन गोष्टी विचारावयाच्या: आज जवळ काय आहे, पुढे काय हवे आहे, आणि पूर्वी काय होते. उद्दिष्ट रुग्णाने ठरवावयाचे; कार्यकर्त्याने त्याच्या घरी, बाजारात, देवळात जाऊन भेटावयाचे; आणि गाव हे साधनांचे कोठार मानावयाचे. यात कोणाची खोटी स्तुती नाही. घर बुडाल्यावर शहाणा मनुष्य भांड्याकुंड्यांची मोजदाद करतो, तशी ही मोजदाद आहे.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांचे उदाहरण, ओळख पटणार नाही इतपत फेरफार करून सांगतो. रुग्णालयाच्या कागदावर त्यांच्याविषयी लिहिले होते: संशय, अबोला, निद्रानाश. घरच्यांची यादीही तीच, वर ‘काही करीत नाही’ ही पुस्ती. दुसरा कागद भरावयास घेतला तेव्हा निघाले ते असे: तोंडी हिशेब अचूक, मालाची प्रत मुठीत धरून ओळखतात, पहाटे उठण्याची सवय मोडलेली नाही, आत्याबाईंवर पूर्ण विश्वास. इच्छा विचारली तर म्हणाले, चहाचे पैसे स्वतःचे असावेत. एवढीच! आम्ही मोठमोठ्या योजना मनात धरून बसलो होतो. मग एका आडत्याने त्यांस आठवड्यातून दोन दिवस, दोन तास, गलबल्यापासून दूर, पट्ट्या तपासावयास बसविले. आवाज फार येऊ लागले की त्यांनी आपण होऊन उठावे आणि कोणी कारण विचारू नये, असा करार झाला. मध्ये दोन महिने काम सुटले, डॉक्टरांनी औषध बदलून दिले, पुन्हा जाऊ लागले. आजार गेलेला नाही. चहाचे पैसे मात्र ते स्वतः देतात, आणि परवा आम्हांसही पाजला.

हे काम फक्त तज्ज्ञांचेच आहे असे नाही. गोवा, सातारा आणि तामिळनाडू येथे स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी काहींच्या घरी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते वर्षभर जात होते. केवळ रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांची स्थिती बरी राहिली. फरक बेताचाच होता, तो फुगवून सांगणे आम्हांस मान्य नाही. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. तेथे नैराश्याने पीडित माणसांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे पूर्वी शंभरांत चार होते, ते सत्तावीसवर गेले. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशीमही होता. म्हणून हा आकडा आपण लक्षात ठेवावा.

आता सोयरिकीकडे वळतो. आजार लपवून लग्न लावणे ही फसवणूक होय, आणि ‘लग्न केल्यावर सुधारेल’ हा सल्ला त्याहून वाईट. दोन्ही थांबली पाहिजेत. परंतु भावाच्या आजारावरून बहिणीस नाकारणे याला आधार किती? स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या शंभर सख्ख्या भावंडांपैकी सुमारे नव्वद जणांस तो होत नाही. मधुमेहाच्या घरातली मुलगी आपण हसत हसत करून आणतो!

अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या ह्या गावी दूरदूरचे लोक मनातले सांगावयास येतात. देवापुढे जे बोलवते ते भाऊबंदांपुढे बोलवू नये, हे आम्हांस खटकते. आपल्या ज्ञातीजवळ दुकाने आहेत, वसतिगृहे आहेत, मंगलकार्ये आहेत, आणि कोणाचा कोण हे तोंडपाठ असणाऱ्या वृद्ध स्त्रिया आहेत. कॅन्ससवाले ज्याला कोठार म्हणतात ते दुसरे काय असते?

प्रत्येक तालुक्यातून दोन पुरुष व दोन स्त्रिया आम्हांस हव्या आहेत. त्यांनी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाशी परिचय करून घ्यावा, रुग्णासोबत औषधाच्या दिवशी जावे आणि महिन्यातून दोनदा घरी भेटावे. तातडीच्या वेळी १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक विनाशुल्क आहे. तो भिंतीवर लिहून ठेवावा. ज्यांची दोन तासांचे काम देण्याची तयारी आहे अशा दुकानदारांनी व बागाईतदारांनी भोजनापूर्वी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत. रुग्णांची नावे मात्र कोणत्याही वहीत लिहिली जाणार नाहीत.