नाथ पै : विधिज्ञ, संसद आणि कुळाची जमीन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



बॅ. नाथ पै यांचे नाव निघाले की प्रथम आठवते ते त्यांचे वक्तृत्व. ते स्वाभाविकच आहे. परंतु वक्तृत्व वक्त्याबरोबर लोपते. मागे उरतो तो त्याने उपस्थित केलेला प्रश्न. १९६७ साली नाथ पै यांनी लोकसभेपुढे जो प्रश्न ठेवला, तो आजही निकाली निघालेला नाही. लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला राज्यघटनेतील मूलभूत हक्कांच्या प्रकरणातही दुरुस्ती करता येते काय, हा तो प्रश्न. दिसायला तो वकिलांचा. मुळात मात्र तो कुळाच्या जमिनीचा होता.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याचा. बेचाळीसच्या आंदोलनात बेळगावात त्यांनी उडी घेतली आणि तुरुंगवास पत्करला. पुढे इंग्लंडला जाऊन ते बॅरिस्टर झाले. त्याच सुमारास युरोपातील समाजवादी युवक चळवळीशी त्यांचा संबंध आला आणि इंटरनॅशनल युनियन ऑफ सोशालिस्ट यूथ या जागतिक संघटनेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या ऐन भरात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. १९६२ आणि १९६७ मध्येही ते तेथूनच निवडून आले. ज्या पदवीवर एखाद्याने उच्च न्यायालयात बस्तान बसविले असते, ती त्यांनी प्रजासमाजवादी पक्षाच्या बाकावरून लोकांच्या कामी लावली.

त्यांचा मतदारसंघ कोणता होता हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचे कायदेविषयक कार्य कळणार नाही. तत्कालीन रत्नागिरी जिल्हा हा मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगणारा प्रदेश. रेल्वे नाही, कारखाने नाहीत, आणि जमीन पिढ्यान् पिढ्या खोतांच्या वर्चस्वाखाली. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. १९४८ च्या कूळकायद्यातील पुढील सुधारणांनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. योगायोग असा की नाथ पै यांची पहिली निवडणूक त्याच वसंतातली.

आता या कायद्यांना संरक्षण कशाचे होते ते पाहा. जमीनदार मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा आधार घेऊन न्यायालयात जात, म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट निर्माण झाले. त्यात आरंभी जे तेरा कायदे घातले गेले, त्यांत मुंबईचा कूळकायदा आणि खोती नष्ट करणारा कायदा हे दोन्ही होते. म्हणजे कोकणातील कुळाच्या सात-बाराच्या पाठीशी एक घटनादुरुस्ती उभी होती. मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकारच नाकारला गेला, तर पुढच्या सुधारणांना ही ढाल मिळणार नव्हती.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी नेमके तेच घडले. पंजाबातील गोलकनाथ कुटुंबाची सुमारे ४१८ प्रमाण एकर जमीन तेथील कायद्याने अतिरिक्त ठरली होती. त्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही. झालेल्या दुरुस्त्या न्यायालयाने रद्द केल्या नाहीत. पुढचा मार्ग मात्र बंद केला. १९५१ आणि १९६४ साली याच न्यायालयाने नेमके उलट मत दिले होते. एका न्यायमूर्तींच्या मताने संसदेचा हात बांधला गेला.

नाथ पै यांनी या निर्णयावर निषेधाचा ठराव करून समाधान मानले नाही. अवघ्या काही आठवड्यांत, एप्रिल १९६७ मध्ये, त्यांनी खाजगी विधेयक मांडले. घटनेच्या ३६८ व्या अनुच्छेदानुसार घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे निःसंदिग्धपणे नमूद करणे हा त्याचा आशय. विरोधी बाकावरच्या एका सभासदाने, सरकारला सुचण्यापूर्वी, संसदेच्या अधिकाराची बाजू घ्यावी ही लहान गोष्ट नव्हे. विधेयक संयुक्त समितीकडे गेले आणि देशभर त्याची चर्चा झाली.

या विधेयकामागील विचार लोकशाहीवादी होता. राज्यघटना तयार करणारी घटना समिती मर्यादित मताधिकारावर निवडल्या गेलेल्या विधिमंडळांनी अप्रत्यक्षपणे निवडली होती. समाजवादी तर त्या समितीपासून दूरच राहिले होते. संसद मात्र प्रौढ मतदानाने निवडली जाते. १९४६ च्या मर्यादित मताधिकाराने बांधलेली चौकट प्रौढ मतदाराला कधीच हलविता येऊ नये, हे कोणत्या न्यायाने? शिवाय सनदशीर मार्ग बुजविला, तर असंतोष सनदशीर राहील याची हमी कोण देणार?

परंतु विधेयकाला विरोध करणारे सगळेच मालमत्तेचे कैवारी नव्हते. खुद्द समाजवादी बाकांवरूनही शंका उठल्या. आज जमिनीसाठी दिलेला अधिकार उद्या भाषणस्वातंत्र्यावर वापरला गेला तर काय, अशी ती शंका होती. तिला बाजूला सारून नाथ पै यांचे स्मरण करणे हे त्यांच्या बुद्धीला शोभणारे नाही.

विधेयक मंजूर झालेच नाही. दरम्यान बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा फेब्रुवारी १९७० मध्ये आणि संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा आदेश डिसेंबरमध्ये न्यायालयात टिकला नाही. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक आपोआप संपुष्टात आले. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, सीमालढ्याच्या हुतात्मादिनाच्या दुसऱ्याच दिवशी, नाथ पै यांचे बेळगावात हृदयविकाराने निधन झाले. वय होते अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी नोव्हेंबरात चोविसावी घटनादुरुस्ती अमलात आली. तिच्यातील मुख्य तत्त्व त्यांचेच होते.

पुढचा इतिहास दोन्ही बाजूंना धडा देणारा आहे. १९७३ साली केशवानंद भारती दाव्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा मतांनी असा निर्णय दिला की, संसद कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. दोनच वर्षांत आणीबाणी आली. विरोधक तुरुंगात असताना संसदेने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी दुरुस्ती केली. त्या वेळी मूलभूत चौकटीचेच तत्त्व कामी आले, आणि तो लढा होता राजनारायण या समाजवादी नेत्याचा. ज्या शंकेचा उल्लेख आधी केला, ती खरी ठरली होती. उलट १९७८ मध्ये, जनता पक्षाच्या राजवटीत, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला, आणि त्याने घटनेची चौकट कोसळली नाही. गोलकनाथ निर्णयाने जो अडसर घातला होता, तो असा दूर झाला. त्या मंत्रिमंडळात नाथ पै यांच्यानंतर राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे प्रा. मधु दंडवते होते.

तात्पर्य असे की, नाथ पै यांचा सिद्धांत एका गृहीतावर उभा होता. संसद स्वतंत्र असेल, विरोधकांचा आवाज मोकळा असेल आणि निवडणूक वेळेवर होईल, हे ते गृहीत. ते ढळले की संसदेचे सार्वभौमत्व हे सत्ताधीशांचे सार्वभौमत्व होते. म्हणून नागरिकांचे स्वातंत्र्य आणि मालमत्तेची मक्तेदारी यांत भेद करणे, हे समाजवाद्यांचे काम आहे. पहिल्यासाठी न्यायालयाचे दार उघडे हवे. दुसरीसाठी ते ढाल होता कामा नये.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कायद्याचे अडसर निघाल्यावरही जमीन आपोआप कुळाकडे गेली नाही. ज्याचे नाव दप्तरी लागले होते, त्याला ती मिळाली. ज्याची वहिवाट तोंडी होती, तो बहुधा हात चोळत राहिला. घटनादुरुस्ती दिल्लीत होते, पण नोंद तलाठ्याच्या चावडीत होते. कोकण रेल्वेचेही तसेच. नाथ पै यांनी संसदेत तिचा आग्रह धरला; महामंडळ स्थापन झाले १९९० साली आणि संपूर्ण मार्ग खुला झाला १९९८ साली. मागणी करणारा एक असतो, ती तडीस नेणारे अनेक लागतात.

नाथ पै यांच्या चौदा वर्षांच्या संसदीय जीवनाचा अर्थ कार्यकर्त्यांनी असा घ्यावा. कायद्याचे ज्ञान हे गरिबाचेही हत्यार होऊ शकते, परंतु ते हत्यार पेलायला गावात संघटना लागते. संघटना नसेल तर उत्तम विधेयकही लोकसभेबरोबर विसर्जित होते.