आठ तासांचें बेट

सकाळचे सात वाजलेले असतात. रात्रभर चालत आलेली प्रचंड आगबोट सेंट टॉमस बेटाच्या बंदरांत शिरते. डोंगराच्या उतारावर चढत गेलेलीं लाल छपरांचीं घरें दिसूं लागतात, आणि बोटीवरील न्याहारीच्या टेबलांभोंवतीं एकच वाद रंगूं लागतो: आज कोणत्या पुळणीवर जावयाचें? बोट सायंकाळीं पांच वाजतां सुटणार. किनारे अनेक आणि दिवस मात्र एकच.

वरवर पाहतां हा वाद करमणुकीचा आहे. ज्यांच्यापुढें समुद्रस्नानासाठीं चार चार किनारे मोकळे पडले आहेत, त्यांना चिंता ती कसली, असें कोणीहि म्हणेल. परंतु फ्लॉरिडाच्या बंदरांतून कॅरिबियन समुद्राच्या सात दिवसांच्या सफरीवर निघणाऱ्या उतारूंत अमेरिकेंत स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबेंहि असतात, आणि पुण्यामुंबईहून आलेले आईवडील पुष्कळदां त्यांच्याबरोबर असतात. अशा कुटुंबांत आजोबांचे गुडघे, नातवाची हौस, सुनेनें पाहिलेलें छायाचित्र आणि मुलाचा खर्चाचा हिशेब हीं सारीं एकाच टॅक्सींत बसवावयाचीं असतात. निवड चुकली म्हणून कोणावर आकाश कोसळत नाहीं हें खरें. पण ज्या दिवसाची वर्षभर वाट पाहिली, तो रस्त्यांत आणि रांगेंत संपून गेला, म्हणजे लागणारी हळहळ घरीं परतल्यावरहि पुष्कळ दिवस टिकते. म्हणून ही निवड कोणत्या कसोटीनें करावी, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रथम बेटाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. कोलंबसानें १४९३ सालीं या द्वीपसमूहाला संत अर्सुला व तिच्या सहचारिणी कुमारिका यांच्यावरून व्हर्जिन बेटें हें नांव दिलें. सतराव्या शतकांत डॅनिश लोकांनीं सेंट टॉमसवर वसाहत केली. राजधानीचें शार्लट अमाली हें नांव एका डॅनिश राणीचें आहे. १९१७ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं सेंट टॉमस, सेंट जॉन व सेंट क्रॉय हीं बेटें डेन्मार्कपासून अडीच कोटि डॉलर देऊन विकत घेतलीं. निशाण अमेरिकेचें असलें तरी तेथें वाहनें मात्र भारतांतल्याप्रमाणें रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात.

नकाशावर सेंट टॉमसपासून पूर्वेकडे आडवी रेघ ओढीत आणली, तर ती जवळजवळ मुरुड-जंजिऱ्यावर येऊन पोंचते. दोन्ही ठिकाणें विषुववृत्ताच्या उत्तरेस १८ अंशांच्या किंचित् पुढें आहेत. तेव्हां ऊन ओळखीचें, माडहि ओळखीचे. मोठा भेद आहे तो भरती-ओहोटीचा. अलिबागेस ओहोटीच्या वेळीं कुलाब्याच्या किल्ल्यांत पायीं जातां येतें, आणि भरती आली कीं तीच वाट समुद्र गिळून टाकतो. सेंट टॉमसला भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत जेमतेम एका फुटाच्या आसपास अंतर पडतें. पुळण सकाळीं जेवढी असते जवळजवळ तेवढीच ती सायंकाळीं असते. कोंकणांत समुद्राचें वेळापत्रक सांभाळावें लागतें, तेथें बोटीचें सांभाळावें लागतें.

आतां प्रत्यक्ष किनाऱ्यांकडे वळावें. सर्वांत नांवाजलेला व सोयीचा किनारा मेगन्स बे हा होय. हेवनसाइट किंवा क्राउन बे, कोणत्याहि धक्क्यावर बोट लागली, तरी उघड्या बाजूंची, बांकांच्या रांगा बसविलेली टॅक्सी मिळते. तिला तेथें सफारी म्हणतात, आणि तिचे दर माणशीं ठरलेले असतात. ती डोंगर चढून बेटाच्या उत्तर बाजूस उतरते व २० ते २५ मिनिटांत मेगन्स बेला पोंचते. पाऊण मैलाच्या आसपास लांबीची ही पांढरी पुळण दोन डोंगरी भुजांच्या मध्यें शांत पहुडलेली आहे. तळ वाळूचा, उतार मंद, लाटा बहुधा लहान. मागें झाडांची सांवली, बसावयास बांकें, न्हाणीघरें, उपाहारगृह व जीवरक्षक हीं सर्व आहेत. उणें एवढेंच कीं, तळाशीं प्रवाळ फारसें नसल्यामुळें रंगीत मासे पाहण्याच्या आशेनें जाणाऱ्याची निराशा होते.

ही उणीव भरून काढणारा किनारा म्हणजे बेटाच्या ईशान्येकडील कोकी. येथें खडकांभोंवतीं पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचे थवे किनाऱ्याच्या अगदीं जवळ येतात. तोंडावर कांचेचा मुखवटा लावून कंबरभर पाण्यांत उभें राहिलें तरी ते दिसतात. शेजारींच कोरल वर्ल्ड हें सागरी प्राण्यांचें उद्यान आहे. रस्ता सुमारें अर्ध्या तासाचा. परंतु ही पुळण आंखूड आहे, आणि ज्या दिवशीं बंदरांत तीन-चार बोटी एकदम लागतात, त्या दिवशीं तेथें सांवलींत जागा मिळणें कठीण होतें.

तिसरा किनारा ट्रंक बे. छायाचित्रांच्या पुस्तकांत जो दिसतो तो हा. मात्र तो सेंट टॉमसवर नाहीं, शेजारच्या सेंट जॉन बेटावर आहे. लॉरन्स रॉकफेलर यांनीं या बेटावरील ५,००० एकरांहून अधिक जमीन राष्ट्रीय उद्यानासाठीं दिली, आणि १९५६ सालीं तें उद्यान अस्तित्वांत आलें. त्यामुळें तेथील डोंगर हिरवे राहिले व किनाऱ्यांवर हॉटेलांच्या भिंती उभ्या राहिल्या नाहींत. ट्रंक बेच्या समोर एक लहानसें बेटुकलें आहे. त्याच्या कडेनें पाण्याखालीं माहितीच्या पाट्या बसवून पोहणारांसाठीं सुमारें दोनशें यार्डांची वाट आंखलेली आहे. सागरी वादळें आणि पाण्याची वाढती उष्णता यांनीं कॅरिबियन प्रवाळाची पुष्कळ हानि केली आहे. तरीहि या वाटेवरून पोहणें हा मुलाला जन्मभर आठवणारा अनुभव ठरूं शकतो.

चौथा पर्याय पुष्कळांच्या यादींत नसतो. क्राउन बेजवळून लहान तर निघते व सुमारें दहा मिनिटांत वॉटर आयलंड या चिमुकल्या बेटावर पोंचते. तेथील हनीमून नांवाची पुळण लहान आहे, पण पाणी शांत आणि वाट थोडी. ज्यांची बोट क्राउन बेच्याच धक्क्याला लागली असेल, त्यांनीं या बेटाचा विचार अवश्य करावा.

याहून दूरचीं प्रलोभनेंहि असतात. व्हर्जिन गोर्डावरील प्रचंड शिळांमधील पाणी पाहावयास नेणाऱ्या वेगवान होड्या सेंट टॉमसहून सुटतात. परंतु तें बेट ब्रिटिश सत्तेखालीं आहे. म्हणजे तेथें दुसऱ्या देशाची हद्द सुरू होते, आणि भारतीय पारपत्र बाळगणाऱ्यांनीं प्रवेशाचे नियम सफरीस निघण्यापूर्वींच तपासून पाहिले पाहिजेत.

चारहि किनाऱ्यांचें वर्णन ऐकून मन ट्रंक बेकडे ओढ घेतें. तेथेंच हिशेबाची गरज लागते. बोट ८ वाजतां लागली, तरी पायरीवरून उतरून टॅक्सींत बसेपर्यंत ९ वाजतात. ५ वाजतां सुटणाऱ्या बोटीवर उतारूंनीं साधारणतः ४॥ पर्यंत परतावयाचें असतें, आणि शहाणा मनुष्य हातीं एक तास राखून ठेवतो. म्हणजे ९ ते ३॥, एकूण साडेसहा तास उरले. मेगन्स बेला जाण्यायेण्यांत, टॅक्सी भरण्याची वाट पाहण्यासह, दीड तास धरला तरी पांच तास पाण्याकांठीं मिळतात. ट्रंक बेसाठीं प्रथम रेड हुकपर्यंत अर्धा-पाऊण तास रस्ता, मग तरीची वाट पाहणें, मग क्रूझ बेपर्यंत सुमारें २० मिनिटांचा जलप्रवास, आणि तेथून पुन्हां टॅक्सी. एका बाजूला दोन तास सहज जातात. परतीचे दोन धरले कीं पुळणीवर उरतात अडीच तास, आणि चढउतार होते सहा वेळां. तरुण जोडप्याला हे अडीच तास सोन्याचे वाटतील. ज्याला एक पायरी चढतांना कठड्याचा आधार लागतो, त्याला त्या सहा चढउतारांचीच आठवण राहील.

बोटीच्या कंपनीनें आंखलेली सहल घ्यावी कीं आपली आपण वाट काढावी, हा प्रश्नहि या हिशेबांतच सुटतो. कंपनीची सहल महाग असते. परंतु तिला उशीर झाला, तर बोट थांबते किंवा उतारूंची पुढील व्यवस्था कंपनी करते. स्वतंत्रपणें गेलेल्यासाठीं कोणी थांबत नाहीं. मेगन्स बे, कोकी यांसारख्या जवळच्या ठिकाणीं टॅक्सीनें जाण्यांत धोका थोडा, खर्चहि थोडा. समुद्र ओलांडून सेंट जॉनला जावयाचें असेल, तर कंपनीला दिलेले जास्त डॉलर हे निश्चिंतपणाचें मूल्य समजावें. आणखी एक सावधगिरी घड्याळाची. सेंट टॉमसचें घड्याळ वर्षभर बदलत नाहीं, फ्लॉरिडाचें बदलतें. त्यामुळें हिवाळ्यांत सेंट टॉमसची वेळ फ्लॉरिडाच्या एक तास पुढें असते. बोट कोणती वेळ पाळणार आहे, हें उतरतांना विचारून घ्यावें आणि हातांतील घड्याळ तिच्याशीं जुळवावें.

निसर्गाचेहि कांहीं नियम आहेत. मेगन्स बे, कोकी व ट्रंक बे हे तिन्ही किनारे उत्तरेच्या बाजूचे. हिवाळ्यांत उत्तर अटलांटिकमधील वादळांच्या लाटा दूरवर येऊन पोंचल्या, म्हणजे ट्रंक बेचें पाणी गढूळ व जोरकस होतें. अशा दिवशीं मुखवटा लावून कांहीं दिसत नाहीं आणि पोहणेंहि धोक्याचें ठरतें. किनाऱ्यावर मांचिनील नांवाचें झाड आढळतें. त्याचें लहान सफरचंदासारखें फळ विषारी असतें, व चिकानें कातडी भाजते. पाऊस आला असतां त्याच्या आडोशाला मुळींच उभें राहूं नये. अंगाला लावण्याच्या उन्हरोधक मलमांपैकीं प्रवाळाला घातक अशीं कांहीं द्रव्यें असलेलीं मलमें या बेटांवर २०२० सालापासून कायद्यानें बंद आहेत. तेव्हां डबीवरील मजकूर घरींच वाचावा.

मेगन्स बेचा इतिहासहि जाणून घेण्यासारखा आहे. आर्थर फेअरचाइल्ड या धनिकानें १९४६ सालीं तेथील आपली जमीन लोकांच्या उपयोगासाठीं देऊन टाकली. पुढें १९७१ मध्यें व्हर्जिन बेटांच्या विधिमंडळानें किनारे सर्वांना खुले ठेवणारा कायदा केला. पुळणीवर आलेला प्रवासी हा अशा रीतीनें तेथील लोकांचा पाहुणा असतो. बेटावरची रीत अशी कीं, कांहीं विचारण्यापूर्वीं नमस्कारादाखल 'शुभ प्रभात' किंवा 'शुभ दुपार' म्हणावयाचें. टॅक्सीवाल्याला एकदम भाडें विचारणें तेथें उद्धटपणाचें समजतात. आधीं दोन शब्द आपुलकीचे बोलले, तर पुढचा प्रवास सुखाचा होतो.

आतां पुन्हां त्या न्याहारीच्या टेबलाकडे यावें. नातवाला मासे पाहावयाचे आहेत, सुनेला ट्रंक बे खुणावते आहे, मुलगा आंकडेमोड करतो आहे. आजीबाई मात्र म्हणतात, "तुम्ही सगळे जा रे, आम्ही दोघें बोटीवरच बसूं. इथूनहि समुद्र दिसतोच कीं." घरोघरीं वडील मंडळी असेंच बोलतात, आणि घरोघरीं तें खरें मानण्याची चूक होते. दापोलीला वा मुरुडला लहानपणीं घोटाभर पाण्यांत उभ्या राहिलेल्या त्या बाईला कंबरभर निळ्या पाण्यांत उभें राहण्याची इच्छा नसते असें थोडेंच आहे? आपल्यामुळें इतरांचा खोळंबा होऊं नये, एवढेंच तिला सांगावयाचें असतें.

कसोटी येथें सांपडते. ज्याला हें बेट पुन्हां पाहावयास मिळण्याचा संभव सर्वांत कमी, त्याच्या सोयीचा किनारा प्रथम निवडावा. नातू वीस वर्षांनीं स्वतः ट्रंक बेला जाईल, सूनहि जाईल. आजीची ही एकच फेरी. म्हणून अशा कुटुंबानें मेगन्स बे पत्करावा हें उत्तम. नातवाची हौस पुरवावयाची असेल, तर बापलेकांनीं सकाळीं लवकर कोकीला जाऊन दीड-दोन तास मासे पाहावे आणि दुपारच्या आंत मेगन्स बेला येऊन मिळावें. दोन्ही ठिकाणें एकाच बेटावर असल्यानें तें सहज जमतें. केवळ धडधाकट तरुणांचा मेळा असेल, तर त्यांनीं खुशाल सेंट जॉनची तर गांठावी.

सायंकाळीं पांचाला भोंगा होतो व बोट धक्का सोडते. कठड्याशीं उभ्या असलेल्या आजीबाईंच्या लुगड्याच्या कांठाला अजून ओली वाळू चिकटलेली असते. नातू माशांचे रंग सांगत असतो, आणि तें ऐकतां ऐकतां त्याहि मध्येंच म्हणतात कीं, पाणी कांहीं फार थंड नव्हतें.