बुरशीचें विष

बुरसलेला दाणा भाजला कीं शुद्ध झाला, अशी समजूत आपल्याकडे घरोघरीं आहे. त्यांतूनहि जो अगदींच टाकाऊ ठरतो तो गाईपुढें जातो, नाहींतर मोलकरणीस देण्यांत येतो. या दोन्ही गोष्टींविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

सन १९६० मध्यें इंग्लंडांत टर्की नांवाचे पाळीव पक्षी पटापट मरूं लागले. कांहीं महिन्यांत लाखाच्या वर पक्षी दगावले. कारण सांपडेना, म्हणून त्यास ‘टर्की एक्स रोग’ असें नांव पडलें; बीजगणितांत अज्ञात संख्येस आपण क्ष म्हणतों, तसेंच हें! अखेर माग लागला तो खाद्याचा. त्यांत ब्राझीलहून आणलेली भुईमुगाची पेंड होती, आणि विष होतें ‘अस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीचें. बुरशीच्याच नांवावरून त्यास अफ्लाटॉक्सिन म्हणूं लागले.

ही झाली पक्ष्यांची कथा. १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा व गुजरातेंतील पंचमहाल या भागांत ती माणसांच्या वांट्यास आली. मक्याचें पीक हातीं येतें न येतें तोंच अवकाळी पाऊस पडला. भिजलेलीं कणसें तशींच सांठविलीं गेलीं. भिल्लांच्या झोंपडींत दुसरें धान्य कोठून असणार? लोकांचे डोळे पिवळे झाले, पोटांत पाणी होऊं लागलें. नोंदलेल्या ३९७ रोग्यांपैकीं १०६ मरण पावले. त्या घरांतील अन्नावर जगणाऱ्या कुत्र्यांसहि तोच विकार झाला.

हें विष आपल्या चुलीला दाद देत नाहीं. भाजल्यानें बुरशी मरते. तिनें दाण्यांत सोडलेलें विष पुष्कळसें तसेंच राहतें. धुतल्यानें वरचा हिरवट थर तेवढा जातो, आणि मग तर तो दाणा ओळखूंहि येत नाहीं! थोडथोडें वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास यकृताचा कर्करोग होण्याचें भय असतें. बुरसलेली पेंड गाईस घातली तर त्या विषाचें एक रूप दुधांत उतरतें. दूध तापविल्यानें तें जात नाहीं. गाईच्या पुढें टाकलेलें असें आपल्याच मुलाच्या पेल्यांत परत येतें.

बुरशीस ओल हवी. म्हणून शेंगा दाणा आंत खुळखुळेपर्यंत वाळवाव्या, पोतीं जमिनीवर न ठेवतां फळीवर ठेवावीं. सुरकुतलेले, काळवंडलेले दाणे निवडून पुरून टाकावे. मोलकरणीच्या पदरांत तर ते मुळींच घालूं नयेत.