धर्म अनेक, सदाचार एक
(प्राथमिक शिक्षकांपुढील व्याख्यान)



मुंबईच्या पूर्व उपनगरांत गोवंडी हा भाग आहे. रेल्वे स्थानकापलीकडे देवनारच्या कचराभूमीपर्यंत शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर अशा दाट वस्त्या पसरल्या आहेत. तेथे मुसलमान कुटुंबांची संख्या मोठी आहे; त्यांच्या शेजारी बौद्ध, हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबे राहतात. कोणी उत्तर प्रदेशातून व बिहारमधून आले, तर कोणी मराठवाड्यातील कोरडवाहू गावांतून. महानगरपालिकेच्या शाळांत एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा निरनिराळ्या माध्यमांचे वर्ग भरविण्याची रीत आहे. जिना एक, पाण्याचा नळ एक; परंतु प्रार्थनेच्या पद्धती अनेक.

खेड्यातील शिक्षकास या दूरच्या वस्तीचे काय, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आज खेड्यातील शाळेत पाटी घेऊन बसलेले मूल उद्या पोटासाठी अशाच वस्तीत जाणार आहे. तेथे त्याचा शेजारी कोण असेल, हे त्याच्या हाती नाही. त्या शेजाऱ्याशी कसे वागावे, एवढेच त्याच्या हाती राहील, आणि ते वळण त्यास प्राथमिक शाळेतच लागावयाचे आहे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या, तेव्हा सुमारे ९०० माणसे प्राणास मुकली. गोवंडी-देवनारचा भागही त्या आगीतून सुटला नाही. मारणारे आणि मरणारे, दोघांनीही कधी काळी कोणत्या ना कोणत्या शाळेत बाराखडी गिरविली असेल. म्हणून हा विषय केवळ पंडितांचा नव्हे. तो शिक्षकांचा आहे.

जगातील प्रमुख धर्मांची वचने पाहू गेल्यास नीतीच्या बाबतीत त्यांची एकवाक्यता थक्क करणारी आहे. जे वर्तन स्वतःस दुःख देते ते दुसऱ्याशी करू नये, हा विचार महाभारताच्या अनुशासनपर्वात आला आहे. चीनमध्ये कन्फ्यूशियसने शिष्यास हाच उपदेश केला. ज्यू आचार्य हिल्लेल यांनी आपल्या धर्मशास्त्राचे सार यातच पाहिले. येशू ख्रिस्ताने तोच विचार विधिरूपाने मांडून, दुसऱ्याने जसे वागावे असे वाटते तसे आपण प्रथम वागण्यास सांगितले. पैगंबर महंमदांच्या हदीसमध्ये, स्वतःसाठी इच्छिलेले बंधूसाठीही इच्छिल्यावाचून श्रद्धा पुरी होत नाही, असा आशय आहे. धम्मपदाने, दुसऱ्याचे भय स्वतःच्या भयावरून ओळखून हिंसेपासून दूर राहण्यास शिकविले. देश निराळे, काळ निराळा, भाषा निराळ्या; परंतु विचार एकच.

दानाचेही तसेच. इस्लामात संपन्न माणसाने वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग जकात म्हणून द्यावयाचा असतो. शिखांच्या लंगरात राजा व रंक एका पंगतीस बसतात. बौद्धांच्या दहा पारमितांत दानास स्थान आहे, आणि दारी आलेल्या अतिथीस विन्मुख पाठवू नये ही शिकवण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. एकादशी, रमजानचे रोजे, जैनांचे पर्युषण, ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ, या सर्वांमागे जिभेवर व मनावर ताबा मिळविण्याचा हेतू आहे.

तथापि एका गोष्टीचे भान ठेवणे अगत्याचे आहे. सर्व धर्म सर्वस्वी सारखेच आहेत असे मुलांना सांगणे सत्यास धरून होणार नाही. बौद्ध व जैन हे जगाचा कर्ता ईश्वर मानीत नाहीत. इस्लामास मूर्तिपूजा मान्य नाही, तर हिंदूंच्या बहुतेक पंथांत ती भक्तीचे साधन आहे. ख्रिस्ती धर्म येशूस ईश्वराचा पुत्र मानतो, इस्लाम त्यासच पैगंबर मानतो. हे भेद लपविले, तर मूल ते बाहेर ऐकतेच, आणि शिक्षकावरील त्याचा विश्वास उडतो. भेद असूनही सलोख्याने राहता येते, हे शिकविणे अधिक खरे आणि अधिक उपयोगाचे आहे.

महाराष्ट्रास ही गोष्ट परकी नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान कुळात जन्मले आणि मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून संतमंडळीत मान पावले. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या इंग्रज फादर स्टीफन्स यांनी येशूची कथा मराठी ओवीत गायिली; ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. महात्मा फुले यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात एका घराचे चित्र आहे. त्या घरातील आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी होऊ शकेल, आणि तरीही सर्वजण प्रेमाने एकत्र राहतील, अशी फुल्यांची कल्पना आहे. येथे कोणी आपला धर्म सोडलेला नाही. एकमेकांचा द्वेष मात्र सर्वांनी सोडला आहे. विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तशीच कुराण, धम्मपद, जपुजी व ख्रिस्ती धर्मग्रंथ यांचीही सारे काढली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये त्यांची गीताप्रवचने उतरवून घेणारे साने गुरुजी हे अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. इस्लामी संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिणारेही तेच, आणि पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण करणारेही तेच.

या अखेरच्या उदाहरणात विषयाचे मर्म आहे. ग्रंथांत समतेची वचने असूनही देवळाचे दार शतकानुशतके बंद राहिले. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी माणसांना मिळावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तेव्हा धर्मांची एकवाक्यता वचनांत पाहून संतोष मानणे पुरेसे नाही. पाणी कोणास मिळते, पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, यावरच तिची परीक्षा होते.

आता शाळेचा विचार. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. ही अडचण नसून मार्गदर्शन आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने एखाद्या धर्माचे शिक्षण आणि निरनिराळ्या धर्मांविषयीचे शिक्षण यांत स्पष्ट भेद केला. पहिले घराचे व धर्मसंस्थेचे काम आहे, दुसरे शाळेस करता येते.

ते कसे करावे? त्यास निराळा तास नको. ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, आषाढी यांची माहिती ज्या घरी तो सण होतो, त्या घरच्या मुलाने वर्गास सांगावी. इतरांनी ऐकावी आणि प्रश्न विचारावेत. रोजा धरलेल्या मुलास कवायतीच्या वेळी सावलीत बसू द्यावे, आणि त्याचे कारण वर्गास सहज सांगावे. पोषण आहाराच्या पंगतीत कोण नेहमी कडेस बसते, इकडे शिक्षकाचे लक्ष असावे. धर्मावरून वा जातीवरून चिडविण्याचा शब्द कानी पडल्यास तो हसण्यावारी न नेता त्याच दिवशी दोन्ही मुलांशी बोलावे. गावात एकाच धर्माचे लोक असतील, तर हे काम अधिक काळजीने करावे. कारण ज्यास कधी पाहिले नाही त्याच्याविषयी वाईट ऐकून घेणे सर्वांत सोपे असते.

शिक्षकाचे स्वतःचे वर्तन हा मुलांचा पहिला ग्रंथ होय. त्याच्या तोंडून दुसऱ्या धर्माविषयी निघालेला एक हलका शब्द वर्षभराच्या बोधवचनांवर पाणी फिरवितो. आणि त्याने सर्व मुलांस सारख्याच मायेने जवळ घेतले, तर ती मुले पुढे कोणत्याही वस्तीत गेली तरी शेजारधर्म विसरणार नाहीत.