पल्सर: चाकणची स्पोर्ट बाइक

(हुफूफमधील मराठी कुटुंबांच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

मसाला दूध अजून आटतंय, तोवर बोलून घे, असा वहिनींचा आदेश आहे. मी कॉम्प्युटरवाला माणूस, पण विषय घेतलाय मोटरसायकलचा.

सुरुवात अमेरिकेपासून करतो. हार्ले डेव्हिडसन म्हटलं की रुंद हँडल आणि आरामात रेलून बसलेला दाढीवाला, हेच डोळ्यांपुढे येतं. पण याच कंपनीने १९७७ साली एक्सएलसीआर नावाची १००० सीसीची काळीकुट्ट स्पोर्ट मोटरसायकल काढली. डिझाइन विली जी. डेव्हिडसन यांचं, म्हणजे संस्थापकांपैकी एकाच्या नातवाचं. पण हार्लेच्या गिऱ्हाइकाला ती हार्ले वाटेना आणि वेगाच्या शौकिनाला जपानी गाड्या बऱ्या वाटत. जेमतेम तीन हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि कारभार आटोपला. आता शौकीन तीच गाडी शोधत फिरतात, ते वेगळं.

अशीच उडी आपल्या पुण्याच्या बजाजने २००१ मध्ये मारली. स्कूटरवाली कंपनी हो! तुमच्याआमच्या बाबांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली ती चेतकची. मोटरसायकल घेतली तरी पहिला प्रश्न, 'ॲव्हरेज काय देते?' (इथे पेट्रोल भरताना आपण मीटरकडे फारसं बघत नाही, म्हणून ही आठवण.) १९९९ साली हिरो होंडाच्या सीबीझेडने दाखवून दिलं की ताकदीसाठी पैसे मोजणारी पोरंही आहेत. मग नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आली, १५० आणि १८० सीसीची. रूप ग्लिन कर या ब्रिटिश डिझायनरचं. कावासाकीशी जुनी भागीदारी असूनही हे इंजिन बजाजने स्वतः विकसित केलं. जाहिरात होती, 'डेफिनिटली मेल'. आज कोणी असं म्हणून बघावं, घरात जेवायला मिळणार नाही!

माझ्या मते खरी गंमत २००३ ची, डीटीएस-आय. एरवी छोट्या इंजिनात एकच स्पार्क प्लग असतो. ठिणगी एका कडेला पडते आणि ज्योत पार दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत वेळ जातो. इथे समोरासमोर दोन प्लग बसवले. ज्योतीला अर्धंच अंतर कापायचं, मिश्रण लवकर आणि नीट जळतं, ताकद वाढते आणि ॲव्हरेजही सांभाळलं जातं. म्हणजे आमच्या भाषेत पॅरलल प्रोसेसिंग. दोन प्लगची कल्पना जगात जुनीच, पण छोट्या स्वस्त गाडीत ती बसवण्याचं पेटंट बजाजने घेतलं, आणि त्यावरून २००७ पासून टीव्हीएसशी कोर्टात जुंपली. तडजोड झाली २०१९ मध्ये! आपल्याकडच्या दोन दुचाकी कंपन्या इंजिनाच्या पेटंटवरून भांडतात, याचंच मला मेलं अप्रूप.

पण मंडळी, याची किंमतही होती. २००७ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं. मोटरसायकलींचं काम चाकण, वाळूज आणि उत्तरेत पंतनगरला. आकुर्डी-निगडीत ज्यांची अख्खी घरं त्या भोंग्यावर चालली, त्यांना पल्सरचं कौतुक कोणत्या तोंडाने सांगणार? २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्ण बंद करायचं ठरवलं. वडील राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं जाहीरपणे सांगितलं. धंद्याच्या हिशेबात मुलगा बरोबर होता असं मला वाटतं; पल्सर पुढे पन्नासहून जास्त देशांत पोचली. पण स्कूटर मेली, हे काही खरं ठरलं नाही. होंडाच्या ॲक्टिव्हाने तीच बाजारपेठ उचलून नेली.

राहुल बजाज फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. त्यांच्या जन्मदिवशी, १० जून २०२२ रोजी, आकुर्डीत नवा कारखाना सुरू झाला. तिथे बनते विजेवर चालणारी स्कूटर. नाव चेतक.

चला, दुधाचा वास येतोय.