आभासी जग आणि आपले डोळे

डोळ्यांवर यंत्र चढवून नसलेले जग असल्यासारखे पाहता यावे, ही आकांक्षा आजची नव्हे. 1838 साली चार्ल्स व्हीट्स्टन यांनी दोन डोळ्यांना दोन किंचित भिन्न चित्रे दाखवून सपाट चित्रास खोली प्राप्त करून दिली. आणि 1968 साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी, पाहणाऱ्याची मान वळेल त्याप्रमाणे बदलणाऱ्या, संगणकाने रेखाटलेल्या आकृती त्याच्या दृष्टीसमोर उभ्या केल्या, तेव्हा त्या यंत्राचा सांगाडा छताला टांगावा लागला होता. तेव्हापासून ह्या विद्येचा अंमल लवकरच घरोघरी बसणार, असे वर्तमान वारंवार प्रसिद्ध होत आले. परंतु 2014 साली फेसबुकने सुमारे 2 अब्ज डॉलर मोजून अशी यंत्रे बनवणारी ऑक्युलस कंपनी घेतली, 2024 च्या फेब्रुवारीत ॲपलने 3,499 डॉलरचे व्हिजन प्रो हे यंत्र बाजारात आणले, तरी मोबाइल ज्या सहजतेने आपल्या खिशात दाखल झाला, ती सहजता ह्या साधनांच्या वाट्याला आलेली नाही.

किंमत हे त्याचे एक कारण आहे. पण त्याहून खोल कारण आपल्या शरीरात आहे. नाकासमोर धरलेल्या बोटाकडे आपण पाहतो, तेव्हा दोन्ही बुबुळे आत वळतात आणि त्याच क्षणी नेत्रभिंग फुगून त्या अंतराशी जुळते. ही दोन कामे सदैव एकमेकांच्या संमतीने चालतात. आभासी बोट जवळ आले म्हणजे बुबुळे वळतात खरी, परंतु प्रतिमा ठरावीक अंतरावरच स्पष्ट दिसत असल्याने भिंगास तेथेच थांबून राहावे लागते, आणि डोळे शिणतात. पाय जागीच असता दृश्य धावू लागले, की अंतःकर्णातील तोलाचे इंद्रिय डोळ्यांविरुद्ध साक्ष देते आणि मळमळू लागते.

म्हणून माझे मत असे, की सर्व जग झाकून टाकणारी ही यंत्रे वैमानिकांच्या आणि शल्यविशारदांच्या शिक्षणात, जेथे प्रत्यक्षातील चूक प्राणांवर बेतते, तेथे कायम होतील. दिवाणखान्यात मात्र क्वचितच. खरे भवितव्य आहे ते भोवतालचे जग तसेच राखून त्यावर उपयुक्त माहिती उमटवणाऱ्या साध्या चष्म्याचे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातच बोइंगच्या अभियंत्यांनी, विमानातील तारांची जुळणी करणाऱ्या कामगारास कोणती तार कोठे न्यावयाची हे दृष्टीसमोरच दाखवण्याचा प्रयोग आरंभिला होता, आणि त्यात कामगाराचे दोन्ही हात मोकळे राहत, ह्याचे मोल मला फार वाटते.

परंतु अशा चष्म्यात कॅमेराही असतो. समोरच्या माणसाच्या संमतीचा प्रश्न 2013 साली गूगल ग्लास हा असाच चष्मा लोकांत वावरू लागला तेव्हाच उपस्थित झाला होता. त्याचा बंदोबस्त कायद्याने होईपर्यंत शाळांत, इस्पितळांत आणि न्यायालयांत ह्या चष्म्यांस मुभा देऊ नये, असे मी आग्रहाने म्हणेन.