वकिलापुढे काय बोलावे
(मरोदा येथील कंत्राटी कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भिलाईच्या पोलाद कारखान्यातून काढून टाकलेला मरोद्याचा कंत्राटी कामगार दुर्गला वकिलासमोर बसतो, तेव्हा प्रथम काय सांगतो? अन्याय झाला, मुकादमाने अपमान केला, घरी चूल पेटत नाही. हे सारे खरे असते. पण तेवढ्यावर दावा उभा राहत नाही. बाहेर दहा पक्षकार खोळंबलेले असतात. वकील मान डोलावतो, वकीलपत्रावर सही घेतो आणि पुढची तारीख सांगतो.

३० ऑगस्ट २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एक निकाल दिला. त्यातील एक पक्ष होता स्टील अथॉरिटी, म्हणजे भिलाई कारखान्याचीच मालक कंपनी. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, असे त्यात ठरले. कंत्राट निव्वळ देखाव्याचे होते हे सिद्ध झाले, तरच तो मूळ मालकाचा कामगार ठरतो. कामगारवर्गाच्या दृष्टीने ही माघार होती, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु नेमके येथेच कामगाराच्या बोलण्याला मोल येते. काम कोण नेमून देई? चूक दाखवी तो ठेकेदाराचा माणूस की कारखान्याचा फोरमन? रजा कोणाकडे मागावी लागे? ठेकेदार बदलला तेव्हा तीच माणसे त्याच यंत्रावर राहिली काय? ही उत्तरे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाहीत. ती तारीखवार एका कागदावर लिहून न्यावीत. गेटपास, वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक यांच्या नकला वकिलाला द्याव्यात आणि मूळ कागद घरी सांभाळावेत.

कोऱ्या कागदावर केलेली सही, ठेकेदाराकडून घेतलेली उचल, जुने आरोपपत्र या गोष्टी कामगार संकोचाने लपवितो. मालकाचा वकील उलटतपासणीत त्याच बाहेर काढतो. आपल्या वकिलाला त्या आधी सांगण्यात धोका नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ प्रमाणे अशिलाने वकील या नात्याने त्याला सांगितलेली गोष्ट अशिलाच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. बेकायदा हेतूने केलेले बोलणे तेवढे याला अपवाद आहे.

भाषेची अडचणही खरीच. घरात छत्तीसगढी किंवा मराठी, वकिलाशी हिंदी, आणि प्रकरण बिलासपूरच्या उच्च न्यायालयात गेले की इंग्रजी. म्हणून सही करण्यापूर्वी अर्जाचा अर्थ विचारून घ्यावा. समजले नाही असे म्हणण्यात कमीपणा कसला? भिलाईच्या कामगारांत वर्षानुवर्षे काम करून सुधा भारद्वाज २००० साली वकील झाल्या, त्या संघटनेतील साथींच्या आग्रहामुळे. वस्ती आधीच ओळखणारा असा वकील क्वचितच लाभतो; इतरांना वस्ती समजावून सांगावी लागते.

फी परवडत नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत वकील मागण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. तो वकील फुकटचा म्हणून त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, असे मात्र मुळीच नाही. प्रत्येक तारखेनंतर त्यालाही विचारावे: आज काय झाले, पुढे कोणता कागद हवा, आणि तो कोणत्या दिवसापर्यंत?